गोड्या पाण्याने भरलेले इंजिन

मी, यहया महमूद होडेकर, वय वर्षे चौसष्ट, मूळ राहणार साखरतर, तालुका व जिल्हा रत्नागिरी, हल्ली मुक्काम फुजैरा, धंदा बोटींच्या इंजिनांची दुरुस्ती, गेल्या मार्चपासून निवृत्त, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि पूर्ण शुद्धीत लिहून ठेवत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. बायको कुलसुम स्वयंपाकघरातून दर दहा मिनिटांनी "झालं का?" असे विचारते, पण त्याला कायदा दबाव म्हणत नसावा.

हे आत्ताच लिहिण्याचे कारण असे की येत्या मंगळवारी, २५ नोव्हेंबर २०२५ रोजी, माझ्या हृदयाचे ऑपरेशन आहे. डॉक्टरीणबाईंनी सगळे नीट समजावून सांगितले. हृदय थंड करतात, थांबवतात, तोवर रक्त फिरवायचे काम बाहेरचा पंप करतो. मी विचारले, "थंड करताना काही तडकत-बिडकत नाही ना?" त्या हसल्या. मला हसू आले नाही. का ते सातव्या कलमात कळेल.

कलम १. मी जिथे मरेन तिथेच माझे दफन व्हावे. फुजैरात मेलो तर फुजैरात, दुबईच्या हॉस्पिटलात मेलो तर दुबईत. मला विमानाने रत्नागिरीला नेण्याच्या खटपटीत कोणी पडू नये. एकतीस वर्षे इथले मीठ अंगावर घेतले आहे, मातीही इथली चालेल. चाळिसाव्याला साखरतरला गावजेवण घालायचे असेल तर घालावे, मात्र त्यात डालडा वापरू नये. माझा भाऊ गनी याच्या मुलाच्या लग्नातले मटण माझ्या अजून लक्षात आहे.

कलम २. साखरतरचे चार खोल्यांचे घर मी स्वतः बांधले आहे. त्याचे हिस्से माझ्या मर्जीने पडत नाहीत, शरीयतप्रमाणे पडतात. आठवा हिस्सा कुलसुमचा, अर्धा आमची एकुलती एक मुलगी कशफ हिचा, आणि उरलेला भाऊ गनीचा. मला आवडो न आवडो, त्याचा तो येतोच. माझी एवढीच विनंती आहे की कुलसुम हयात असेतो तिला त्या घरातून कोणी उठवू नये. हे कशफला वाचून दाखवले तेव्हा ती म्हणाली, "ऑफ कोर्स, अब्बा. व्हाय आर यू इव्हन रायटिंग धिस?" ती दुबईच्या डिस्कव्हरी गार्डन्समध्ये भाड्याच्या फ्लॅटमध्ये वाढलेल्या मुलांना शिकवते. घरावरून भाऊ-भाऊ कसे भांडतात हे तिला ठाऊक नाही, आणि ते तिला माझ्यामुळे कळू नये म्हणून लिहितो आहे.

कलम ३. गनीबद्दल थोडे. शरीयत मला माझ्या मालमत्तेचा तिसरा हिस्साच इच्छेप्रमाणे देऊ देते आणि तोही वारस नसलेल्या माणसाला. म्हणून गनीला जास्त काही देता येत नाही, याचा मला आनंद आहे. गेली तीस वर्षे तो गावात सांगत आला आहे की यहया दुबईत पंक्चर काढतो. गनी, मी दुबईत नव्हतो, फुजैरात होतो, आणि बोटीला चाके नसतात. माझा एक फोटो कपाटात आहे. बावन्न फुटी बोटीच्या दोन इंजिनांच्या मध्ये मी उभा आहे, कोपरापर्यंत काळा. तो फ्रेम करून त्याला द्यावा. ओटीवर लावायचा की नाही ते त्याने आपल्या इमानाला विचारावे.

कलम ४. बँकेत जे आहे ते वरच्याच हिश्शांप्रमाणे वाटावे. आकडे कशफकडे आहेत. त्यात लपवलेले काही नाही, लपवण्याइतके कधी नव्हतेच.

कलम ५. गॅलरीतले कढीपत्त्याचे झाड शेजारच्या विभावरीताई कर्णिक यांना द्यावे. आठवड्यातून एकदाच पाणी घालावे आणि ते त्यांनीच घालावे. त्यांचे यजमान प्रकाशराव यांनी झाडाकडे फिरकू नये. ते फार प्रेमळ गृहस्थ आहेत. आम्ही सुट्टीवर असताना त्यांनी माझी दोन रोपे रोज पाणी घालून मारली.

कलम ६. माझी हत्यारे. हिरव्या रंगाची मोठी पेटी, तिच्यातले सगळे पाने, दोन मायक्रोमीटर, टॉर्क पाना आणि मी स्वतः घासून बनवलेले सात लांब पेचकस, हे सर्व दत्ताराम गोविंद शिवलकर, राहणार भाट्ये, जिल्हा रत्नागिरी, हल्ली मुक्काम ऊद मेथा, दुबई, यांना द्यावे. पैसे द्यायचे मनात आले होते. पण दत्तारामला मी ओळखतो. पैसे तो कशफच्या हातात परत ठेवील आणि चहाही न घेता जाईल. हत्यार मात्र मेकॅनिकला परत करवत नाही. ही भेट आहे असे कोणी समजू नये. ती काय आहे ते खाली लिहितो.

कलम ७. हे कलम मी सहा वेळा लिहून फाडले.

दत्ताराम आणि मी एकाच बोटींच्या शेडमध्ये चौदा वर्षे कामाला होतो. तो भाट्याचा, मी साखरतरचा, मध्ये काय ते एक रत्नागिरी शहर. कुलसुम इथे येण्याआधी सहा वर्षे आम्ही एका खोलीत राहिलो. रमजानात तो माझ्यासमोर पाणी पीत नसे. त्याच्या चतुर्थीला मी खोलीत मासळी आणत नसे. असे काही ठरवून झाले नव्हते. तो माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. मला यहयाभाय म्हणतो आणि तुम्ही म्हणतो.

आमच्या शेडची एक रीत होती. मे महिन्यात बोटीवाले आपापल्या देशी सुट्टीला गेले की बोटी चार-चार महिने उन्हात उभ्या राहतात. जुनी इंजिने समुद्राचेच पाणी ओढून स्वतःला गार ठेवतात. ते खारे पाणी आत सुकले की मिठाचे थर बसतात आणि लोखंड आतून खाल्ले जाते. म्हणून बोट उभी करण्याआधी इंजिन गोड्या पाण्याने धुवायचे आणि गोड्या पाण्याने भरूनच ठेवायचे. कोरडे इंजिन म्हणजे आळशी मेकॅनिक, हे मी नव्या माणसाला पहिल्याच दिवशी ऐकवत असे. अशी हजारभर इंजिने मी भरली असतील. एकालाही अपाय झाला नाही, कारण या मुलखात पाणी फक्त फ्रीजमध्ये गोठते.

डिसेंबर २०१६ मध्ये बंदरावरच्या एका युरोपियन इंजिनिअरची बदली झाली. तो आपली सव्वीस फुटी बोट जहाजावर चढवून उत्तरेला, बर्फाच्या देशात घेऊन जाणार होता. ती तिथे जानेवारीत पोहोचणार आणि उन्हाळ्यापर्यंत उघड्यावर उभी राहणार होती. त्याने कामाच्या कागदावर लिहून दिले की इंजिन थंडीसाठी तयार करावे. शेडमध्ये सगळे हसले म्हणे. आमची थंडी म्हणजे सकाळी अर्धा तास स्वेटर. फक्त दत्तारामला समजले, कारण तो ऐन तारुण्यात तीन वर्षे उत्तरेकडच्या एका जहाजाच्या इंजिनरूममध्ये होता. तो मॅनेजर उपेंद्रसाहेबांना म्हणाला, "साहेब, पाणी गोठलं की फुगतं. मग ते लोखंडाचं पण ऐकत नाही. एक थेंब ठेवून चालायचं नाय."

इंजिनाच्या खालच्या अंगाला पाणी सोडायचे चार छोटे नळ असतात, प्रत्येक बाजूला दोन. नुसते नळ उघडून भागत नाही. आत गंज आणि गाळ साचलेला असतो. दोन थेंब पडून धार थांबते, माणसाला वाटते रिकामे झाले, आणि पाणी आत तसेच राहते. म्हणून प्रत्येक नळात तार घालून भोक मोकळे करावे लागते. दत्तारामने गुरुवारी, ८ डिसेंबरला, चारही नळांतून तार घालून इंजिन कोरडे केले, नळ परत बंद केले, जॉब कार्डावर तसे लिहून सही केली, कार्ड ऑफिसच्या खणात ठेवले आणि शुक्रवारच्या सुट्टीसाठी दुबईला गेला.

यातले मला काहीही माहीत नव्हते. मी महिनाभर गावी होतो आणि त्याच गुरुवारी संध्याकाळी परतलो होतो.

शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाल्यावर मी शेडमध्ये गेलो. काम काही नव्हते. महिनाभर रिकामे राहिल्याने हात शिवशिवत होते. ती बोट ट्रेलरवर चढवून ठेवलेली होती, शनिवारी बंदरावर जायची. वॉचमन म्हणाला, "हबीबी, ये बोट अभी लंबा टाइम खडा रहेगा." कुठे उभी राहणार हे त्याने सांगितले नाही आणि मी विचारले नाही. बोट दीर्घ काळ उभी राहणार म्हटल्यावर सवयीने मी एक नळ उघडून पाहिला. थेंब नाही. तार घातली. भोक स्वच्छ होते. दुसरा नळ, तिसरा, चौथा, चारही कोरडे ठणठणीत.

माझ्या गैरहजेरीत हे काम दत्तारामकडे असे. मला वाटले, तो विसरला. त्याच महिन्यात उपेंद्रसाहेबांनी त्याला उशिरा येण्याबद्दल एक नोटीस दिलेली होती, हे मला गावी फोनवर कळले होते. म्हटले, गडी घाईत असेल, दुबईची बस पकडायची असेल. मी नळी जोडली, इंजिन दहा मिनिटे चालवले, गोड्या पाण्याने काठोकाठ भरले, खाली सांडलेले पाणी पुसले आणि निघून आलो. कोणाला बोललो नाही. बोललो असतो तर दत्तारामची चुगली झाली असती. मित्राची चूक आपण झाकली, या समाधानात मी त्या दिवशी दुपारी दोन तास झोपलो.

एप्रिलमध्ये तिकडून ईमेल आला. सोबत फोटो होता. इंजिनाच्या लोखंडी अंगावर, म्हणजे ब्लॉकवर, वीतभर लांब चीर पडली होती. हिवाळाभर उणे अठरात बोट उभी होती आणि आतले पाणी गोठून फुगले होते. तिथल्या तज्ज्ञाने लिहिले होते की इंजिन पाण्याने पूर्ण भरलेले होते. उपेंद्रसाहेबांनी आम्हा सगळ्यांना ऑफिसात बोलावून तो फोटो दाखवला आणि जॉब कार्ड टेबलावर ठेवले.

"दत्ताराम, साइन तुमची आहे ना?"

"माझी हाय, साहेब. पण मी पाणी काढलं होतं. तार घालून काढलं होतं."

"रिपोर्ट म्हणतो ब्लॉक फुल होता. मग पाणी आलं कुठून? आय हॅव नो ऑप्शन, दत्ताराम. क्लायंट गेला, इन्शुरन्सवाले माझ्या मागे लागलेत."

पाणी कुठून आले हे त्या खोलीत फक्त मला माहीत होते. फोटो पाहताच पहिल्या सेकंदाला माझ्या लक्षात आले. माझे तोंड उघडले सुद्धा होते. त्यात कशफची बारावीची परीक्षा आली, कुलसुमचा व्हिसा आला, तिघांचेही इथले राहणे माझ्या नोकरीवर होते हे आले. मी तोंड मिटले. ही कारणे आहेत. सबब म्हणून लिहिलेली नाहीत.

तरीही तो दिवस मी आज स्वतःला माफ करू शकेन. माणूस घाबरतो. माफ न होण्यासारखे पुढे झाले. तिसऱ्या दिवशी दत्ताराम माझ्या घरी आला, चहाचा कप तसाच हातात धरून बसला, आणि म्हणाला, "यहयाभाय, तो डावीकडचा खालचा नळ. त्यातच गाळ असणार. मी तार नीट घातली नसेन. मला नीट आठवत नाय आता." माणूस स्वतःच्या आठवणीवर संशय घ्यायला लागला होता, आणि तो संशय खरा की खोटा हे त्याला एका वाक्यात सांगणारा माणूस समोर बसला होता. मी म्हणालो, "होतं असं कधीकधी, दत्ता."

त्याने मान हलवली आणि चहा पिऊन गेला. त्या चार शब्दांसाठी हे मृत्युपत्र लिहावे लागत आहे. बाकी सगळी कलमे मी दहा ओळींत उरकली असती.

त्याची नोकरी गेली. या किनाऱ्यावर शेड मोजक्या आणि बातमी वाऱ्यासारखी पसरते. बोटीच्या कामावर त्याला परत कोणी घेतले नाही. पुढे ऊद मेथातल्या एका शाळेत त्याला नळ, पाइप आणि पाण्याचे कूलर सांभाळायचे काम मिळाले. ते तो आठ वर्षे करतो आहे. मी दर ईदला आणि गणपतीत त्याच्याकडे जात आलो, त्याच्या हातचे खात आलो, आणि परत येत आलो. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. माझ्या मुठीत दुसऱ्याची चीज होती.

तीन वर्षांपूर्वी मी त्याच्याबरोबर शाळेत गेलो होतो. सुट्टी झाल्यावर तो मुलांच्या पिण्याच्या पाण्याचे नळ एकेक करून बंद करत होता. प्रत्येक नळ तीनदा फिरवायचा. फाटकापर्यंत येऊन पुन्हा मागे गेला आणि सगळे नळ पुन्हा तपासले. मला म्हणाला, "माझं आता असंच झालंय, यहयाभाय." त्याच सालात प्रकाशरावांच्या साहेबांची बोट बंद पडली होती. मी त्याला म्हटले, चल, नुसती बघ तरी. त्याने दोन्ही हात खिशात घातले. म्हणाला, "नको. माझा हात नाय रायला."

नोकरी जाते, दुसरी मिळते. त्याचा हात मी नेला. कबुतराचे काळीज ऐकावे तसा इंजिनाचा आवाज ऐकून दोष सांगणारा माणूस होता तो. आमच्या शेडमध्ये त्याच्यासारखा दुसरा नव्हता. मी पण नव्हतो. हे मी त्याला कधी सांगितले नाही, कारण मी वयाने मोठा होतो.

म्हणून मी शपथेवर लिहून देतो की, ९ डिसेंबर २०१६ रोजी दुपारी ते इंजिन दत्ताराम शिवलकर यांनी पूर्णपणे, नियमाप्रमाणे कोरडे केलेल्या स्थितीत मला आढळले. त्यात पाणी मी भरले. त्यांच्या कामात कसूर नव्हती.

कलम ८. सातव्या कलमाची एक प्रत माझ्या मृत्यूनंतर शेडच्या ऑफिसात पाठवावी आणि एक प्रत कशफने स्वतः जाऊन दत्तारामच्या हातात द्यावी.

इथवर गुरुवारी लिहून झाले. मी कुलसुमला बोलावले आणि सगळे वाचून दाखवले. ती तांदूळ निवडत होती. सातवे कलम सुरू झाल्यावर तिचा हात थांबला. नऊ वर्षांत मी तिलाही सांगितले नव्हते. आठवे कलम संपल्यावर ती म्हणाली, "मंजे तुम्ही मेल्यावर त्याला कळवायचं?"

"मृत्युपत्रात तसंच असतं, कुलसुम."

"मग त्याने भांडायचं कोणाशी? कबरीशी?"

ती पुढे म्हणाली, "त्याने इथे येऊन तुमच्या थोबाडीत दिली तर मी मधी पडणार नाय, सांगून ठेवते. पण त्याला ती द्यायला मिळाली पायजे." मग तिने ताट बाजूला ठेवले आणि कशफला फोन लावला. कशफने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, "अब्बा, अम्मी इज राइट. आफ्टर यू डाय इज नॉट सॉरी. दॅट्स जस्ट लीव्हिंग."

तेव्हा कलम ८ मी याद्वारे रद्द करत आहे, कारण ते माझ्या हयातीतच पार पडले. शुक्रवारी कशफने सातव्या कलमाचे इंग्रजी करून उपेंद्रसाहेबांना ईमेल केला. त्यांचा संध्याकाळी फोन आला. "यहयाभाई, आत्ता? नऊ वर्षांनी? ती फाइल केव्हाच क्लोज झाली हो." मी म्हटले, "मग उघडा, साहेब." ते म्हणाले, "पत्र फाइलला लावतो. माझ्या सहीने लावतो." त्यांच्याबद्दल एक अख्खे कलम लिहायचे मनात होते, ते आता लिहीत नाही.

कलम ९. आज रविवार, २३ नोव्हेंबर. कुलसुमने दत्तारामला जेवायला बोलावले होते. कशफही सकाळीच येऊन पोहोचली होती. त्याला वाटले ऑपरेशनच्या आधी भेटायला बोलावले आहे. दुबईहून बसने आला, येताना माझ्यासाठी डाळिंबे घेऊन आला. तांदळाची भाकरी आणि बांगड्याचे कालवण वाढले होते. मी म्हटले, जेवणाआधी एक वाचून दाखवायचे आहे. तोंडाने सांगण्याची हिंमत तेव्हाही नव्हती, म्हणून सातवे कलम हातात घेतले आणि पहिल्या अक्षरापासून वाचले. मध्ये दोनदा आवाज गेला. कोणी पाणी दिले नाही.

वाचून झाले तेव्हा दत्ताराम ताटाकडे बघत होता. मग त्याने विचारले, "चारही कोरडे होते?"

"चारही."

"डावीकडचा खालचा?"

"तोही. तार घातली मी, दत्ता. गाळाचा कण नव्हता."

"नक्की?"

"अल्लाची शपथ."

तो उठला. "नऊ वर्षं," तो म्हणाला. "नऊ वर्षं मी रोज तो नळ डोळ्यासमोर आणतोय, यहया. तार आत जाते का नाय जात. आणि तू समोर बसून माझ्या हातची शेवयांची खीर खात होतास." मला त्याने आयुष्यात कधी नावाने हाक मारली नव्हती, कधी तू म्हटले नव्हते. मी माफी मागितली, ती त्याने ऐकली असेल किंवा नसेल. तो चपला घालून जिना उतरून गेला. कुलसुमने त्याचे ताट झाकून ठेवले. आम्ही तिघेही जेवलो नाही.

मी गॅलरीत उभा होतो. तो खाली बसस्टॉपच्या सावलीत बसला. एक बस आली आणि गेली. दुसरी आली, गेली. तो आपल्या हातांकडे बघत होता. एकदा उजवा हात त्याने हवेत फिरवला, तार घालताना मनगट फिरते तसा, आणि मांडीवर ठेवला. तेव्हा मी रडलो. कुलसुमने पाहिले आणि आत गेली.

सव्वा तासाने दारावर थाप पडली. दत्ताराम आत आला, बसला, आणि म्हणाला, "साक्षीदार किती लागतात ह्याला?"

"दोन," कशफ म्हणाली. "वन इज विभावरी आंटी. सेकंड, वी वेअर थिंकिंग प्रकाश अंकल."

"दुसरा मी."

कशफने त्याला समजावले, "अंकल, बट यू आर गेटिंग द टूल्स. कागदपत्रं करणाऱ्या टायपिंग सेंटरवाल्याने सांगितलं, विटनेस असला तर त्याने विलमधून काही घ्यायचं नाही. प्रॉब्लेम होतो."

"मग हत्यारं नको. खलास." तो माझ्याकडे वळला. "तुझी हत्यारं तू वापर. मंगळवारी मरू नकोस. अजून मी नीट भांडलो नाय तुझ्याशी."

"इन्शाल्ला," मी म्हणालो.

"इन्शाल्ला नाय. बोल, येतो परत."

"येतो."

कुलसुमने त्याचे ताट पुढे केले. भाकरी गार झाली होती. दुसरी करते म्हणाली तर नको म्हणाला. पूर्ण जेवला, पण माझ्याकडे पाहिले नाही. माफ केले का, हे मी विचारलेले नाही. तो त्याचा हक्क आहे, मृत्युपत्रात लिहिण्याची बाब नाही.

त्यामुळे कलम ६ रद्द समजावे. साक्षीदार म्हणून विभावरीताईंनाही काही घेता येणार नाही, म्हणून कलम ५ ही रद्द, कढीपत्त्याचे झाड मी त्यांना सहीच्या आधी आजच देऊन टाकले आहे. हत्यारांचे काय करायचे ते मी ऑपरेशनहून परतल्यावर ठरवीन. नाही परतलो तर ती कुलसुमच्या ताब्यात राहावीत. मात्र गनीला देऊ नयेत, तो त्यांनी सायकलची पंक्चरे काढील.

वरील सर्व मजकूर मी वाचला, वाचून घेतला, आणि तो माझ्या इच्छेप्रमाणे व खरा आहे म्हणून खाली सही करत आहे. दोन ठिकाणी शाई पसरली आहे, ती खाडाखोड समजू नये.

मुक्काम फुजैरा. तारीख २३ नोव्हेंबर २०२५.

यहया महमूद होडेकर
(सही)

आम्ही खालील साक्षीदार असे लिहून देतो की, यहया होडेकर यांनी आमच्या समक्ष सही केली आणि आम्ही त्यांच्या समक्ष, एकमेकांच्या समक्ष, आपापल्या हाताने खालील नोंद केली.

साक्षीदार पहिला
नाव: विभावरी प्रकाश कर्णिक
राहणार: फुजैरा
व्यवसाय: गृहिणी
(सही)

साक्षीदार दुसरा
नाव: दत्ताराम गोविंद शिवलकर
राहणार: भाट्ये, रत्नागिरी. सध्या ऊद मेथा, दुबई
व्यवसाय: बोटीच्या इंजिनांचा मेकॅनिक
(सही)